घरच्या पडवीत चेन-स्प्रॉकेट बदललं, पण आता नवी चेन गुणगुणतेय

पडवीतला पाना (गुहागर) | १९ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. हा शनिवार-रविवार गाडीखाली आडवा पडून घालवला, तेव्हा वाटलं आपणही चार ओळी लिहाव्या.

गाडी १५० सीसी, २०१७ ची. मागे ड्रम ब्रेक, चेनवर अर्धंच कव्हर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पाचव्या प्रतिसादापासून 'तुमची गाडी, आमची गाडी' सुरू होतं आणि मूळ विषय ओहोटीबरोबर बाहेर. रोजचा रस्ता घर ते धोपावे, तिथून फेरीबोटीने दाभोळ, संध्याकाळी तसंच परत. म्हणजे दिवसातून दोनदा गाडी खाडीवर उभी.

चेन गेली कशी ते आधी सांगतो, कारण चूक तिथेच झाली. वर्षभर चेनच्या जोडांमधून लालसर पूड यायची. मी म्हटलं जांभ्याचा रस्ता, धूळ असणार. फडक्याने पुसायचो आणि पुढे. ती धूळ नव्हती, गंज होता. पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) यांच्या मधलं तेल संपलं की लोखंडावर लोखंड घासतं, त्याची पूड होते, आणि आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत ती बाहेर येईस्तोवर लाल झालेली असते. ही पूड काळपट असती तर कदाचित शंका आली असती. कोकणात लाल रंगाचं कोणाला काय!

मग कड्या आखडल्या. मागच्या स्प्रॉकेटवरून (चेनच्या दातेरी चाकावरून) सुटल्यावर दोन-तीन कड्या सरळच होईनात, वाकलेल्या बोटासारख्या तशाच. गाडी सोडताना 'खट्'. स्टीलची पट्टी घेऊन मोजलं. ४२८ नंबरच्या चेनची एक कडी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, २० कड्यांचे नव्या चेनला २५४ मिमी व्हायला हवेत. माझे २६० भरले. 'चेन ताणली गेली' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक पिन थोडी थोडी झिजते आणि शंभरावर पिनांची झीज मिळून चेन लांब होते. माझी दोन टक्क्यांच्या वर गेली होती. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाघनखांसारखे वळलेले. म्हणजे पूर्ण सेट बदलणं आलं, नुसती चेन घालून भागणार नव्हतं.

शनिवारी सकाळी सुरुवात. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढायला आधी गिअरचा दांडा काढावा लागतो (तो कुठल्या खाचेत होता तिथे रंगाचा ठिपका द्या, नाहीतर नंतर पाय शोधत बसतो). कव्हरचे तीन स्क्रू. दोन आले, तिसऱ्याचं डोकं गेलं. ॲल्युमिनियमच्या इंजिनात पोलादी स्क्रू आणि त्यावर खारी हवा, की मध्ये पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही एकजीव होतात. ठोकून फिरवायचा स्क्रू ड्रायव्हर शेजारच्या सुताराकडून आणला, तेव्हा हलला. कव्हरच्या आत काय होतं? जुनं ग्रीस, लाल माती, वाळू आणि सुरूच्या सुया यांचा लाडू.

एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. चेन अंगावर असतानाच पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल केले. गाडी गिअरमध्ये, भावाने मागचा ब्रेक दाबून धरला. चेन आधी काढली असती तर स्प्रॉकेट धरायला काहीच उरलं नसतं.

आणि मग मागचा आक्सल, म्हणजे चाकातून जाणारी आडवी दांडी. नट सुटला. आक्सल हलेना. रिंग पान्ह्याने डोकं धरून फिरवायचा प्रयत्न केला, ढिम्म. हातोड्याने ठोकला, आवाज वाडीभर, आक्सल जागेवर. आजी आतून म्हणाली, "लोहाराकडे ने नाहीतर थांबव." दोन्ही बाजूंनी गंज निघायचा स्प्रे मारला, तासाभराने पुन्हा, मग रात्रभर डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं. रविवारी सकाळी नट परत आट्यांच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच चढवला (आटे वाचावेत म्हणून), त्यावर फणसाच्या लाकडाचा तुकडा धरला आणि ठोकला. सहाव्या-सातव्या घावाला 'कड्' असा आवाज आला. इतका बरा आवाज या वर्षात ऐकला नव्हता. बाहेर काढला तर मधल्या नळीच्या जागी गंजाची बांगडी. पॉलिश पेपरने घासला, ग्रीसचा पातळ हात दिला.

पुढचं सोपं होतं. मागचं स्प्रॉकेट चार नटांवर, नटांची वळवलेली पत्र्याची लॉक पट्टी छन्नीने सरळ केली, नवं बसवलं, पट्टी परत वळवली. हबमधले रबर दबलेले होते, तेही नवे घातले. नवी चेन, लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी), चाक, ब्रेकची सळई. दोन वाजता जेवलो.

आता प्रश्न. एकटा असताना ठीक, पण मागे कोणी बसलं की चेन गुणगुणते. 'हूंऽऽ' असा आवाज, वेगाबरोबर वाढतो. मेन स्टँडवर लावून खालच्या बाजूने बोटाने दाबली तर साधारण १० मिमी हलते. नवी चेन घट्टच असावी असा माझा समज. काय चुकलं?

आंबोळी २ | १९ मे, रात्री १०:०५

वाचतेय. पडवीत डिझेल सांडलं त्यावर घरच्यांचं काय म्हणणं पडलं, तो भाग गाळलेला दिसतो.

घाटमाथ्यावरचा (कराड) | १९ मे, रात्री १०:३१

लेखन झकास, पण हिशोब काही पटला नाही. आमच्याकडे मेकॅनिक २५०-३०० रुपये मजुरीत तासाभरात करून देतो. तुम्ही दोन दिवस, एक स्क्रू, शेजाऱ्याचं हत्यार आणि आजीची झोप घालवलीत. वर आवाज येतोय तो वेगळाच. हौसेला मोल नाही हे मान्य.

निवृत्त फिटर (चिपळूण) | २० मे, सकाळी ६:१५

पाना, गाडी आज चालवू नका. निदान मागे कोणाला बसवू नका. चेन फार घट्ट आहे.

मेन स्टँडवर मागचं चाक लटकतं, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) खाली जातो. माणूस बसला की तो वर येतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा आक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की त्या दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर सर्वांत जास्त असतं. स्टँडवर तुम्हाला १० मिमी दिसतंय, दोघं बसून खड्ड्यात गेलात की शून्य होत असणार. शून्याच्या पुढे काय? ओढ थेट गिअरबॉक्सच्या बेरिंगवर आणि ऑइल सीलवर. चेन १,२०० ची, ते काम कितीचं ते विचारून या.

गाडीच्या पुस्तिकेत आकडा आहे, बहुतेक तुमच्या वर्गातल्या गाड्यांना २५ ते ३० मिमीच्या आसपास असतो. तो मेन स्टँडवर मोजायचा की साइड स्टँडवर तेही लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि एकाच जागी मोजू नका. चाक थोडं थोडं फिरवत पाच-सहा ठिकाणी बघा, जिथे सर्वांत घट्ट लागेल तिथे तो आकडा यायला हवा.

तुम्ही लिहिलंय त्यात आणखी एक गोष्ट दिसली नाही. ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी जी लांब पट्टी असते, ती परत लावली का? तिच्या बोल्टची स्प्लिट पिन नवी घातली का? सळई लिहिलीत, पट्टी नाही लिहिलीत. ती पट्टी नसेल तर पहिल्याच जोरात ब्रेकला आख्खी प्लेट फिरेल, सळई गुंडाळली जाईल आणि चाक जाम होईल. हे वाचून आधी खाली जाऊन बघून या, मग चहा घ्या.

पडवीतला पाना | २० मे, सकाळी ६:५०

काका, पट्टी लावली आहे. पिन मात्र जुनीच सरळ करून परत घातली होती. आत्ता बघितली, एक पाय अर्धा तुटलेला. आजच नवी घालतो. मनापासून आभार.

आंबोळीताई, पडवीचं काय ते घरात मिटलेलं आहे. गोणपाटावर लाकडाचा भुसा टाकून निपटलं. विषय बंद.

घाटमाथा, दादा, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण इकडे मे महिना म्हणजे प्रत्येकाला पावसाआधी गाडी हवी असते. मेकॅनिककडे रांग आठ दिवसांची. आणि तासाभरात करणारा माणूस अडकलेला आक्सल साफ करून ग्रीस लावत बसत नाही, ठोकून काढतो, ठोकून घालतो. मागच्या वेळी तेच झालं असणार, म्हणून तर यंदा इतका चिकटला.

माडाखालचो (मालवण) | २० मे, सकाळी ८:२२

पाना, तुझी चेन किलोमीटरान नाय रे गेली, खाऱ्या वाऱ्यान गेली. माझी गाडी मालवणात, घर दर्यापासून दोनशे पावलांवर. भाव माझो सावंतवाडीक. दोघांनी एकाच म्हयन्यात नवी चेन घातलव. त्याची अजून बरी चलता, माझी कुरकुरूक लागली. माझी गाडी त्याच्यापेक्षा कमी फिरता, तरीय. उभी गाडी जास्त गंजता. फिरत्या चेनीक निदान तेल तरी फिरता.

आणि मे म्हयन्यात गाडी धुतंस कसल्या पाण्यान? आमची बाव मेत मचूळ होता. गोडा पाणी समजान धुलंस तर मीठच लावलंस.

पडवीतला पाना | २० मे, सकाळी ९:१०

बाबा, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ लागतं, चहा करत नाही आम्ही त्याचा. गाडी मात्र त्यानेच धुतो. कमाल आहे माझी.

सुरंगी (वेंगुर्ला) | २० मे, दुपारी १:४५

माझ्याकडे वडिलांची जुनी स्प्लेंडर आहे, चेनला पूर्ण डबा. वाळू-पाणी आत कमी जातं. पण आत काय चाललंय ते दिसतही नाही, त्यामुळे लोक तेल घालायचंच विसरतात. डब्याला रबरी बूच असतं, ते काढून चाक हाताने फिरवत थोडं थोडं तेल सोडायचं.

हाताने हे मुद्दाम लिहिलं. माझ्या वडिलांच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर नाही. ही स्प्लेंडर यायच्या आधी त्यांच्याकडे उघड्या चेनची गाडी होती. मेन स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फडक्याने चेन पुसत होते. फडकं स्प्रॉकेटमध्ये गेलं, मागोमाग बोट. अर्धा सेकंद लागला असेल. आजही अंगणात कोणी तसं करताना दिसलं की मी गाडी थांबवून सांगते, मग तो ओळखीचा असो नसो. चेन साफ करताना चावी खिशात आणि गाडी न्यूट्रलमध्ये. एवढं करा.

पाना, तुम्ही लॉक कोणत्या बाजूने लावलं ते लिहिलं नाहीत. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं. वरच्या बाजूला चेन मागून पुढे जाते, म्हणजे वर बघताना बंद टोक इंजिनाकडे. उलटं लागलं आणि उघडं टोक कशाला अडकलं तर क्लिप उडून जाते.

पडवीतला पाना | २० मे, दुपारी २:३०

बंद टोक पुढेच आहे, आत्ता बघून आलो. वडिलांबद्दल वाचून बोटं मुठीत घेतली. खोटं कशाला सांगू, मीही इंजिन चालू ठेवूनच ब्रश लावायचो. आता नाही.

नाखवा (हर्णै) | २० मे, रात्री ८:०२

हर्णै बंदरावरून लिलावाचा माल घेऊन सकाळी दापोली, आसूद, जालगावकडे जातो. मागे दोन क्रेट, बर्फासकट. बर्फ वितळतो, त्यात मासळीचं खारं पाणी. ते पाणी डावीकडून थेट चेनवर गळायचं. चेन किती टिकायची विचारू नका.

डोकं चालवलं आणि क्रेट उजवीकडे कलता बांधला. चेन वाचली, सहा महिन्यांत सायलेन्सरला भोक पडलं. मग क्रेटखाली पत्र्याचा ट्रे, त्याला नळी, नळी नंबर प्लेटच्या खालून मागे सोडली. आता पाणी रस्त्यावर. मागून येणारे शिव्या घालतात ते वेगळं.

एक विचारायचं होतं. दुकानदाराने जी चेन दिली ती चार कड्या लांब निघाली. तीन कमी करून बघू का? आक्सल मध्यावर येईल.

निवृत्त फिटर | २१ मे, सकाळी ६:०५

नाखवा, तीन कमी होणार नाहीत. चेनमध्ये एक कडी आतली, एक बाहेरची, अशी आळीपाळीने माळ असते. लॉक ही बाहेरची कडी, तिला दोन्हीकडे आतली कडीच लागते. म्हणून एकूण कड्या नेहमी सम. दोन काढा नाहीतर चार काढा. जुनी चेन मोजून तितकीच ठेवा. नवी चेन जुन्या चेनशेजारी आडवी ठेवून तोडू नका, कडी मोजा. जुनी झिजून लांब झालेली असते, शेजारी ठेवून फसगत होते.

आणि तोडताना पिनचं डोकं आधी कानशीने किंवा ग्राइंडरने साफ उडवा, मग पंचाने ठोका. तसंच ठोकलंत तर पट्टी वाकते.

कोळंबी भात | २१ मे, सकाळी १०:४०

मूळ विषय चालूच आहे तर विचारतो. तेल कोणतं? मी आजवर ग्रीस भरायचो. ग्रीस चिकटून राहतं, पावसात धुऊन जात नाही.

घाटमाथ्यावरचा | २१ मे, सकाळी ११:००

ग्रीस नको. स्प्रे मारा. स्वच्छ काम, हात काळे होत नाहीत.

माडाखालचो | २१ मे, सकाळी ११:३०

स्प्रे कितीक मारतलंस? माका आठ दिसाक मारूक व्हयो. पगार स्प्रेतच जातलो. नव्वद नंबरचा गिअर ऑइल, जुनो ब्रश, झाला.

पडवीतला पाना | २१ मे, रात्री ९:१५

माझं मत, या दोन दिवसांच्या आणि वाघनखांच्या अनुभवावरून.

ग्रीस का नको ते माझ्या कव्हरच्या आत निघालेल्या लाडवाने सांगितलं. साध्या चेनला तेल लागतं ते पिन आणि बुशच्या आत. ग्रीस जाड, ते आत शिरतच नाही, बाहेर बसून वाळू गोळा करतं. किनाऱ्याची वाळू आणि ग्रीस यांचं जे मिश्रण होतं ते पॉलिश पेपरपेक्षा कमी नाही. गिअर ऑइल पातळ असल्याने आत झिरपतं. तोटा एवढाच की उडतं, रिम काळी होते. म्हणून संध्याकाळी गाडी घरी आली, चेन कोमट आहे, तेव्हा आतल्या बाजूने खालच्या चेनवर थेंब थेंब सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. बाहेर चकचकीत तेल दिसतंय म्हणजे ते वाया गेलेलं तेल.

स्प्रे वाईट नाही. चांगला असतो तो आत पातळ जातो आणि मग घट्ट होतो. पण माडाखालच्या बाबांचं गणित बरोबर आहे, आमच्याकडे फार वेळा मारावा लागतो.

साफ करायला रॉकेल मिळालं नाही, मी डिझेल वापरलं. पेट्रोल नको. ते काळं डिझेल विहिरीच्या किंवा पऱ्ह्याच्या बाजूला ओतू नका एवढीच विनंती. मी जुन्या बाटलीत भरून ठेवलंय, कुंपणाच्या लाकडी खांबांची बुडं रंगवायला उपयोगी पडतं.

कोळंबी भात | २१ मे, रात्री ९:४०

पटलं. पण मग ओ-रिंगची (जोडांत रबरी रिंगा असलेली) चेन का नाही घातलीत? तिच्यात ग्रीस कंपनीनेच आत कोंडलेलं असतं.

निवृत्त फिटर | २२ मे, सकाळी ६:१०

प्रश्न चांगला आहे. किनाऱ्यावर ओ-रिंगची चेन खरंच फायद्याची, कारण खारं पाणी पिनपर्यंत पोचत नाही. महाग पडते, पण दुप्पट चालली तरी वसूल. तीन गोष्टी बघा. रिंगांमुळे तिची पिन लांब असते, कव्हरला किंवा इंजिनाच्या केसिंगला घासते का ते हाताने फिरवून बघायचं. लॉकच्या कडीला चार रिंगा वेगळ्या येतात, त्या घालायला लोक विसरतात. आणि तारेचा ब्रश किंवा पेट्रोल लावलं की रिंगा गेल्या, मग ती साध्या चेनपेक्षा वाईट, कारण आत तेल घालायचीही सोय राहत नाही. बाहेरून तेल हिलाही लागतं, रिंग वाळू नये आणि रोलर गंजू नये म्हणून.

कुंभार्लीचा वळसा | २२ मे, दुपारी १२:२०

सगळे चेनवरच बसलेत. मी पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान घालायच्या विचारात आहे. आठवड्यातून दोनदा घाट चढतो, सामान असतं. दुकानदार म्हणतो पिकअप वाढेल, ॲव्हरेजला काही होणार नाही.

पडवीतला पाना | २२ मे, रात्री ८:५०

दुकानदाराचं अर्धं खरं. समजा १५ आणि ४२ दात आहेत, तर ४२ भागिले १५ म्हणजे २.८. पुढे १४ घातलं की ३.०. म्हणजे इंजिनाला तेवढ्याच वेगासाठी सात टक्के जास्त फिरावं लागणार. घाटात बरं वाटेल, तिसऱ्या गिअरवर जिथे रडायची तिथे चढेल. पण सपाट महामार्गावर तेच इंजिन ओरडत राहील आणि पेट्रोल थोडं जास्त पिणार. शिवाय लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, झीज वाढते. तुमचे महिन्यातले किती किलोमीटर घाटात आणि किती सपाट, त्यावर ठरवा. मी असतो तर कंपनीचंच ठेवून दुसऱ्यावर चढलो असतो.

स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल तर आकडा बरोबर राहील. गिअरबॉक्सवरून सेन्सर असेल तर खोटा वेग दाखवेल.

पडवीतला पाना | २४ मे, रात्री १०:००

काका, अपडेट. चेन सैल केली. घट्ट जागी २५, सैल जागी ३० मिमी. आई मागे बसून शृंगारतळीपर्यंत जाऊन आलो. गुणगुण गेली. जवळपास गेली.

उरलेल्याचं कारणही सापडलं. स्विंगआर्मवरच्या चाकाची जागा दाखवणाऱ्या रेघा दोन्हीकडे सारख्या ठेवल्या होत्या, तरी मागून एक डोळा मिटून बघितलं तर चेन स्प्रॉकेटवर तिरकी चढत होती. गावात चिऱ्याचं बांधकाम चालू आहे, तिथून गवंड्याची दोरी मागून आणली. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना लावून पुढच्या टायरपर्यंत ताणली. डावीकडे आणि उजवीकडे पुढच्या टायरपासून अंतर सारखं नव्हतं, चार-पाच मिमीचा फरक. त्या रेघांवर आता विश्वास नाही. उजवा ॲडजस्टर (चाक मागे-पुढे सरकवायचा स्क्रू) अर्धा फेरा हलवला, दोरी सारखी आली, मग आक्सल आवळला.

आणि चेन हलवली की ब्रेकचं पेडलही बदलतं हे डोक्यातच नव्हतं. रविवारी चाकाची जागा बदलली होती, त्यामुळे चार दिवस ब्रेकचा दिवा सतत पेटलेला. शेजारचे तात्या म्हणाले, "अरे, तू काय वरातीत चाललायस काय?" सळईचा नट आणि दिव्याचा स्विच दोन्ही लावून घेतले.

निवृत्त फिटर | २५ मे, सकाळी ६:००

छान. नवी चेन पहिल्या ३००-५०० किलोमीटरमध्ये थोडी बसते, तेव्हा एकदा परत मोजा. मागच्या स्प्रॉकेटचे चार नटही परत हाताखालून घाला.

नाखवा | २५ मे, सकाळी ११:१५

दोन कड्या काढल्या. बरोबर बसली. आक्सल मध्याच्या जरा मागे आहे, चालेल ना?

निवृत्त फिटर | २५ मे, दुपारी १२:०२

नवी चेन आणि आक्सल मागच्या टोकाशी असेल तर पुढे ताणायला जागा उरणार नाही. ॲडजस्टरला मागे पुरेशी जागा शिल्लक आहे ना? असेल तर चालवा.

नाखवा | २५ मे, दुपारी १२:३०

आहे.

पडवीतला पाना | २२ सप्टेंबर, रात्री ९:२०

धागा वर काढतोय. गौरी-गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या अंगणात लागल्या, त्यात दोघांच्या चेन लाल दिसल्या, तेव्हा हा धागा आठवला.

पावसाळाभर काय केलं ते: दर शनिवारी तेल, दर पावसाळी आठवड्यात एकदा नळाच्या पाण्याने चेन धुवून, पुसून, मग तेल. विहिरीचं पाणी जुलैत गोडं झालं तरी सवय मोडली नाही. फेरीबोटीवर गाडी आता मध्ये लावतो, कठड्याजवळ नाही. तिथे लाटेचे शिंतोडे उडतात. बोटीवरचा माणूस पहिल्यांदा वैतागला, आता तोच जागा ठेवतो.

आज मोजली. २० कड्यांचे २५४.५ मिमी. जोडांमधून पूड नाही.

एकच कडी आखडलेली सापडली. लॉकचीच. बाहेरची पट्टी दाबून बसवताना मी पक्कडीने जरा जास्तच आवळली होती बहुतेक.

सुरंगी | २२ सप्टेंबर, रात्री ९:४४

चेन बाजूंना, म्हणजे डावी-उजवी, हाताने थोडी वाकवून बघा, पट्टी किंचित सैल होते आणि कडी सुटते. क्लिप मात्र नवीच घाला, काढलेली परत नको. दहा रुपयांची वस्तू.

पडवीतला पाना | २३ सप्टेंबर, सकाळी ७:३०

सुटली. क्लिप आज शृंगारतळीवरून आणतो.

आंबोळी २ | २३ सप्टेंबर, सकाळी ८:१५

आणि पडवीतला तो डाग?

पडवीतला पाना | २३ सप्टेंबर, सकाळी ८:२०

त्यावर गणपतीत रांगोळी काढली होती. आता परत दिसतोय.